पिस्तूल जमा करण्याचा अर्ज

ज्याच्या पिशवीत शस्त्र सापडते तो अपराधी, आणि ज्याच्या हाती केवळ लेखणी असते तो निरुपद्रवी, असा एक सोयीचा समज जगात रूढ आहे. कायदाही बहुतांशी याच समजावर चालतो. शस्त्राला परवाना लागतो, लेखणीला लागत नाही. हा समज अपुरा आहे, असे मी अत्यंत नम्रपणे येथे नमूद करू इच्छितो. गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या पुतण्याच्या पिशवीत एक पिस्तूल सापडले, आणि त्याच वेळी माझ्या हाती एक लेखणी होती. त्या दोहोंपैकी पिस्तुलाने कोणालाही इजा केली नाही.

अर्ज लिहिण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या परिसरात कोणी नाही, असे मी तोवर मानीत होतो. बत्तीस वर्षे मी विद्यालयात संस्कृत आणि तर्कशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यावर लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडे येऊ लागले. बंद पडलेले दिवे, अडलेले निवृत्तिवेतन, शेजाऱ्याने हलवलेली भिंत, हरवलेले मांजर, सर्वांसाठी मी अर्ज लिहिले. माझा एकही अर्ज आजवर फेटाळला गेलेला नाही. त्यांपैकी बहुतेकांचा निकाल अजून लागायचा आहे, ही गोष्ट निराळी.

माझा पुतण्या जुने लाकडी सामान दुरुस्त करतो. एका बंद पडलेल्या कचेरीतले लिहिण्याचे मेज त्याच्या कारखान्यात आले होते. एका सकाळी त्याचा दूरध्वनी आला.

"काका, एक लफडं झालंय."

"शब्द जपून वापर. अडचण म्हण."

"बरं, अडचण. मेजाच्या खणाला खाली दुसरा तळ निघाला. त्यात मेणकापडात गुंडाळलेलं पिस्तूल आहे. आणि दोन काडतुसं."

मी खुर्चीत बसलो. खरे तर मी आधीपासून बसलेलाच होतो. पण आपण बसलो आहोत याची जाणीव मला त्या क्षणी झाली.

"मी हे तसंच चौकीत नेऊन देतो," तो म्हणाला. "दहा मिनिटांची वाट आहे. देऊन मोकळा होतो."

"रिकाम्या हातांनी जाणार?"

"रिकाम्या कसं काका, पिस्तूल आहे ना."

"अर्जाशिवाय पिस्तूल घेऊन चौकीत शिरणारा माणूस आणि चौकीवर चालून जाणारा माणूस, यांत बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसतो का? विचार कर. मी अर्ज लिहून देतो. तोवर त्या वस्तूला हात लावू नकोस."

त्या क्षणी त्याने माझे ऐकले नसते, तर मला ही कथा लिहावी लागली नसती. पण लहानपणापासून तो माझे ऐकत आला आहे. त्याचे वडील लवकर गेले, शाळेच्या प्रत्येक अर्जावर पालक म्हणून माझी सही असे. "बरं काका," तो म्हणाला.

अर्जाला अकरा दिवस लागले.

आता यात माझा आळस नव्हता. पद्धत होती. आमच्या जुन्या शास्त्रकारांनी वादाची एक उदात्त रीत घालून दिली आहे. आपले म्हणणे मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, आणि तेही लंगडे करून नव्हे, तर प्रत्यक्ष प्रतिपक्षालाही सुचले नसते इतक्या जोराने. याला पूर्वपक्ष म्हणतात. तो पुरता उभा राहिला, की मग एका वाक्याने वळण घ्यायचे, "असे कोणी म्हणेल, तर ते योग्य नाही," आणि तिथून आपला सिद्धान्त सुरू करायचा. ज्याने शत्रूची बाजू प्रामाणिकपणे मांडली, त्याच्या सत्याला धक्का लागत नाही. मी बत्तीस वर्षे हेच शिकवले, आणि पुतण्याच्या अर्जातही हेच केले. अर्ज त्याच्या नावाने असल्यामुळे पूर्वपक्षही 'मी' असाच लिहावा लागला.

पुतण्या रोज सकाळी विचारी, "काका, झालं का?"

"होत आले."

"किती झालं?"

"प्रतिपक्ष अजून हवा तसा बळकट होत नाही."

"तो कशाला बळकट करायचा काका? मला तर रात्रीची झोप नाही."

तो खोटे बोलत नव्हता. पिस्तूल त्याने पहिल्या दिवशी सरसाच्या डब्यांमागे ठेवले. मग वाटले, सरस घ्यायला कोणीही कपाट उघडील. म्हणून भुशाच्या पोत्यात. मग भुसा नेणारा यायचा दिवस आला. म्हणून एका उलट्या ठेवलेल्या खुर्चीच्या बैठकीखाली. मग त्या खुर्चीचे मालक खुर्ची मागायला आले. अशी पाच स्थलांतरे झाली. त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, हिने तर कारखान्यात पाऊल टाकणेच सोडले होते.

अकराव्या दिवशी दुपारी तो स्वतः येऊन माझ्या दारात उभा राहिला. हातात हत्यारांची कापडी पिशवी होती. पूर्वपक्षाची चार पाने तयार होती, सिद्धान्ताचे पाचवे पान चालू होते. मी त्याला चारही पानांखाली सह्या करायला लावल्या आणि एक संदर्भ पाहण्यासाठी आतल्या खोलीत गेलो.

"काका, चार पानं पुष्कळ झाली हो," असे त्याचे शब्द मला आतून ऐकू आले. मी बाहेर आलो तेव्हा तो नव्हता, आणि मेजावरची चार पानेही नव्हती.

चौकीच्या अलीकडे दोन गल्ल्यांवर त्या दिवशी नाकाबंदी होती. कुठेतरी चोरी झाल्यामुळे हवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या पाहत होता.

"पिशवीत काय?"

माझ्या पुतण्याला खोटे बोलता येत नाही. हा दोष त्याने माझ्याकडूनच घेतला असावा. "पिस्तूल," तो म्हणाला. "पण अर्ज आहे सोबत."

हवालदाराने अर्ज उभ्यानेच वाचायला घेतला. पहिला परिच्छेद असा होता: 'सदर पिस्तूल मी पहिल्याच दिवशी जमा करू शकलो असतो. चौकी माझ्या कारखान्यापासून अवघ्या दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. मार्ग मला ठाऊक होता, पाय धड होते, आणि कोणीही मला अडवलेले नव्हते. तरीही मी गेलो नाही. ज्या अर्थी मी गेलो नाही, त्या अर्थी ते शस्त्र जवळ बाळगण्याचाच माझा हेतू होता, हे कोणत्याही विचारी मनुष्यास मान्य करावे लागेल.' आणि पुढे याच वजनाची साडेतीन पाने. खाली, प्रत्येक पानावर, सही.

तासाभराने सूनबाई धापा टाकीत आली आणि म्हणाली, "त्यांना आत टाकलंय काका." तेव्हा मी पाचव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर होतो. ती ओळ मी वाटेतच, तिच्या पाठीमागून चालता चालता पुरी केली आणि पान फौजदारांच्या टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"सिद्धान्त," मी म्हणालो. "याच्याशिवाय ती चार पाने वाचणे म्हणजे अनर्थ आहे."

फौजदार वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे, बोलायला सभ्य. त्यांनी पान उजेडात धरले. "यावर सही नाही. तारीख नाही. आणि आजोबा, शाई ओली आहे." त्यांनी बोटाला लागलेली शाई मला दाखवली. "खरं सांगू? वीस वर्षांच्या नोकरीत इतका मुद्देसूद कबुलीजबाब मी पाहिला नाही."

क्षणभर, आणि क्षणभरच, मला बरे वाटले. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

पुतण्या सहा दिवस कोठडीत होता. ते सहा दिवस सूनबाई आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसून राही. मला तिने दोष दिला असता, तर बरे झाले असते. एकदाच तिने विचारले, "काका, अशा गुन्ह्याला किती वर्षं देतात?" मला आकडा माहीत होता. मी चष्मा पुसत राहिलो.

जामीन मिळवून दिला तो वकीलबाईंनी. त्यांची कचेरी एका छापखान्याच्या माडीवर होती. खाली यंत्र चालू झाले, की त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या थरथरत. त्यांनी चारही पाने दोनदा वाचली.

"'मार्ग मला ठाऊक होता, पाय धड होते.' हे वाक्य कोणाचं?"

"माझे."

"सरकारी वकिलांना मी बारा वर्षं ओळखते. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर दीड पान भरलं असतं, आणि त्यातलं अर्धं मी भर कोर्टात खोडलं असतं. यातली एक ओळ मला खोडता येत नाहीये." त्यांनी पाने खाली ठेवली. "पिस्तूल चालू स्थितीत आहे, असा तज्ज्ञांचा अहवाल आलाय. तेव्हा ते खेळणं होतं वगैरे म्हणता येणार नाही. आपलं म्हणणं एकच, हा ते जमा करायलाच निघाला होता. त्यावर समोरून प्रश्नही एकच येणार: मग अकरा दिवस का थांबला? त्याचं उत्तर न्यायाधीशांना पटलं तर हा सुटला. नाही पटलं तर किमान तीन वर्षं."

पुतण्या जमिनीकडे पाहत होता. त्याच्या कानामागे लाकडाचा भुसा अडकला होता. सहा दिवस कोठडीत काढून, कालच कारखान्यात परतून, त्याने पहिल्याच दिवशी रंधा हाती धरला होता.

"अर्जाचे कच्चे मसुदे आहेत का काका? तारखा असलेले?"

"मी मसुदे ठेवीत नाही. सुधारलेली चूक जपून ठेवणे हे..."

"मी दर शनिवारी गठ्ठा बांधून रद्दीत देते," आमची ही म्हणाली. तीही आमच्याबरोबर आली होती. "आणि अकरा दिवसांचं काय घेऊन बसलात बाई. पूर्वी राहत होतो तिथं नळ गळायचा, म्हणून यांनी अर्ज लिहायला घेतला. तो पुरा झाला त्या दिवशी ती इमारत पाडायला माणसं आली होती."

"त्या अर्जात पाण्याच्या दाबाचा प्रश्न गुंतलेला होता," मी म्हणालो.

वकीलबाईंचे लेखन थांबले. जुन्या बाजारात एखादे गिऱ्हाईक भिंतीवरच्या घड्याळाकडे, हे अजून चालते का, अशा नजरेने बघते, तशा त्या माझ्याकडे बघू लागल्या.

"काका, तुम्ही साक्ष द्याल?"

"अवश्य. काय काय मुद्दे घ्यायचे ते आपण आधी..."

"काहीच ठरवायचं नाही. काही तयारी करू नका. फक्त नेहमीसारखं बोला." आणि निघताना जिन्यावरून पुन्हा, "अगदी नेहमीसारखं हं, काका."

आजाऱ्याला पाहायला आलेला माणूस 'तुम्ही मुळीच आजारी दिसत नाही' असे म्हणतो, तेव्हा शहाण्याने काय समजायचे ते समजावे. मी समजलो, बाईंना याच्या उलट सुचवायचे आहे. माझ्या विस्ताराने त्या पोराला गजांआड नेले होते. आता संक्षेपच त्याला बाहेर काढील, असा मी मनाशी निश्चय केला. साक्षीला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मी एका शब्दात उत्तर देण्याचा अभ्यास आरंभला.

हा अभ्यास किती कठीण आहे याची कल्पना मितभाषी लोकांना येणार नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर फाटकाशी भेटत. "काय, कसं काय?" ते विचारीत.

"बरे."

ते सवयीने भिंतीला टेकून उभे राहत. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत. मी काही बोलत नाही असे पाहून इकडेतिकडे बघत आणि निघून जात. चौथ्या दिवशी त्यांनी हिला गाठून विचारले, "यांना काही झालंय का?"

हिलाही तेच विचारायचे होते. मी कारण सांगितले असते; पण ते एका वाक्यात मावणारे नव्हते. शेवटी तिने डॉक्टरांना घरी आणले.

"भूक?"

"आहे."

"झोप?"

"नाही."

"कसली काळजी?"

"पुतण्या."

डॉक्टर बाहेर जाऊन हळू आवाजात हिला म्हणाले, "काकू, मी यांना वीस वर्षं तपासतोय. रात्री झोप लागली का एवढं विचारलं, तरी पाऊण तास मोडायचा. हे लक्षण मला ठीक वाटत नाही." त्यांनी रक्ताच्या तीन तपासण्या लिहून दिल्या. त्या संध्याकाळी ही माझ्यासमोर बसली आणि पदराने डोळे टिपीत म्हणाली, "अहो, माझ्याशी तरी बोला."

"नंतर," मी म्हणालो. मला अभ्यास मोडायचा नव्हता. रात्री अंथरुणावर पडलो, की मला पुतण्याचा तोच आवाज ऐकू येई. दहा मिनिटांची वाट आहे काका, देऊन मोकळा होतो.

साक्षीचा दिवस आला. न्यायालयाच्या लांब ओसरीत बाकावर आम्ही ओळीने बसलो होतो. सूनबाईने त्याचा सदरा इतक्या वेळा इस्त्री केला होता, की बाह्यांची घडी सुरीसारखी उभी राहिली होती. पट्टेवाल्याने नाव पुकारले. ही म्हणाली, "उठा," आणि मी उठलो.

पिंजऱ्यात शपथ झाली. वकीलबाई प्रसन्न मुद्रेने पुढे आल्या.

"हा अर्ज कोणी लिहिला?"

"मी."

"किती दिवस लागले?"

"अकरा."

"इतके दिवस का लागले, ते न्यायालयाला सांगाल?"

"काळजी," मी म्हणालो.

त्यांनी अर्जाची पाने उचलली. "पहिल्या चार पानांत तुम्ही आरोपीच्या विरुद्ध लिहिलं आहे. ते का?"

"पद्धत."

"जरा सविस्तर सांगता?"

पंधरा दिवसांची तपश्चर्या पणाला लागली होती. "नको," मी म्हणालो.

वकीलबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी कागद चाळले, पुन्हा तेच कागद चाळले, माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या ओळखीचा नव्हेच, आणि खाली बसल्या. मला वाटले, माझ्या संयमाने त्या भारावल्या.

सरकारी वकील उठले. गोरे, गोल, हसरे गृहस्थ. "आजोबा, फार मोजकं बोलता तुम्ही."

"होय."

"असा मोजकं बोलणारा माणूस चार पानांच्या अर्जाला अकरा दिवस लावतो?" त्यांनी न्यायाधीशांकडे वळून हात पसरले. "साहेब, चित्र स्वच्छ आहे. अक्षर यांचं असेल, पण मजकूर आरोपीनं स्वतः सांगितला. मनाला खात होतं म्हणून कबुली दिली. पकडल्यावर धीर सुटला, आणि आता घरातले ज्येष्ठ पुढे होऊन सगळं आपल्या अंगावर घेताहेत. माया असते, साहेब. मी समजू शकतो."

न्यायाधीशांनी मान हलवून काहीतरी टिपून घेतले. मागच्या बाकावर सूनबाईने हिचा हात धरला. पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले, की माझ्या एकेका शब्दागणिक तो पोरगा पुन्हा आत चालला आहे. पण का, ते मला कळेना. आता काय बोलावे, किती बोलावे, काहीच सुचेना.

आणि मग सरकारी वकिलांनी एक प्रश्न जास्त विचारला.

"आजोबा, ही चार पानं बघा. आरोपीविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सगळं यात आलंय. स्वतः गुन्हा करणाऱ्यालाच इतकं माहीत असतं. सगळं आलंय ना?"

"सगळे?" मी म्हणालो.

"सगळं."

मी कठडा दोन्ही हातांनी धरला. "क्षमा करा, पण सगळे आलेले नाही. हा पूर्वपक्ष अपुरा आहे, आणि याचे मला पहिल्या दिवसापासून दुःख आहे. अजून निदान तीन मुद्दे राहिले आहेत."

"राहू द्या..."

"पहिला मुद्दा. आरोपीने अकरा दिवसांत पिस्तुलाची जागा पाच वेळा बदलली. सरस, भुसा, खुर्ची, आणि आणखी दोन. जागा बदलणे हे भीतीचे लक्षण की हेतूचे, हा प्रश्न सरकारी बाजूने उपस्थितच झालेला नाही. आपण तो उपस्थित करायला हवा होता. तो फार बळकट आहे."

पुतण्याने दोन्ही हातांत डोके धरले.

"दुसरा मुद्दा. तो मला रोज सकाळी विचारीत असे. म्हणजे या शस्त्राची माहिती दोघांना होती. दोघांनी मिळून ती अकरा दिवस गुप्त ठेवली. याला कट म्हणता येत नाही काय? या न्यायाने मीसुद्धा आरोपी ठरतो, आणि मला आश्चर्य वाटते की इतका उघड मुद्दा आपल्यासारख्या विद्वानांच्या नजरेतून सुटला. आता कट म्हणजे काय, हे पाहण्यासाठी आधी संमती म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. संमती चार प्रकारची असते."

संमतीचे चार प्रकार झाले. तिसऱ्या प्रकाराला दोन पोटप्रकार होते. सरकारी वकील एकदा बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. लघुलेखकाने मान वळवून बोटे मोडली. वकीलबाईंनी हरकत घ्यावी म्हणून मी त्यांच्याकडे दोनदा पाहिले, कारण मी त्यांच्या अशिलाविरुद्ध बोलत होतो हे मला दिसत होते. पण माझा माझ्यावर ताबा राहिला नव्हता. त्या शांतपणे पेल्यात पाणी ओतीत होत्या. सूनबाई रडत होती. ही मात्र, काय सांगू, ही हसत होती. पंधरा दिवसांनी तिला आपला नवरा परत मिळाला होता.

तिसरा मुद्दा काडतुसांचा होता. तो संपला तेव्हा न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिले.

"झालं?"

"पूर्वपक्ष झाला," मी म्हणालो. "उत्तर अजून सुरू व्हायचे आहे."

"त्याला किती वेळ लागेल?"

मी प्रामाणिकपणे हिशेब केला. "घाई केली नाही, तर उद्या संध्याकाळपर्यंत."

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. मग ते पुतण्याकडे वळले. "तुम्ही यांना अर्ज लिहायला सांगितलं होतं?"

"सांगितलं नव्हतं साहेब," तो उठून म्हणाला. "मी फक्त कळवायला फोन केला होता."

"आणि मग अकरा दिवस वाट पाहिली."

"हो साहेब."

"का? चौकी दहा मिनिटांवर होती."

त्याने माझ्याकडे पाहिले. "काका आहेत ना, साहेब. त्यांनी लिहितो म्हटलं. मी शाळेत होतो तेव्हापासून माझं सगळं तेच लिहितात. त्यांना नको कसं म्हणू?"

त्यानंतर मला पिंजऱ्यातून खाली यायला सांगण्यात आले.

निकाल आठ दिवसांनी होता. ते आठ दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. मी न्यायालयात उभा राहून माझ्याच मुलासारख्या पोराविरुद्ध तीन नवे मुद्दे दिले होते. जेवण नकोसे झाले. आता मी पुन्हा गप्प होतो, आणि या वेळी अभ्यास म्हणून नव्हे. पाचव्या दिवशी पुतण्या आला आणि माझ्या शेजारी बसला.

"मी तुझा घात केला रे," मी म्हणालो.

"मला राग आला होता काका. खोटं कशाला बोलू." तो नखाने टेबलाचा सुटलेला पापुद्रा चाचपत होता, हात रिकामा असला की तो असेच काही शोधतो. "पण तो कटाचा मुद्दा तुम्ही काढलात ना, त्यात तुम्ही स्वतःला पण आत घातलंत. तेव्हा म्हटलं, जाऊ दे. गेलो तर दोघं जाऊ."

तो म्हणाला, "टेबल घेऊन जातो, उद्या चिकटवून देतो," आणि टेबल उचलून गेला.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी बरेच वाचले. आरोपी चौकीच्या दिशेनेच चालला होता. विचारताच त्याने पिस्तूल आहे असे सांगितले. पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही. मग विलंबाचा परिच्छेद आला. तो मी मूळ शब्दांत देतो, कारण त्याची नक्कल मी मागवून घेतली आहे.

'साक्षीदार क्रमांक दोन यांना न्यायालयाने दोन तास वीस मिनिटे ऐकले. त्यानंतर, सदर अर्जास अकरा दिवस का लागले याबद्दल कोणतीही शंका राहत नाही. तो अकरा दिवसांत कसा झाला, एवढीच शंका न्यायालयाच्या मनात उरली आहे. आरोपीस निर्दोष सोडण्यात येत आहे.'

सूनबाई खाली बसली ती उठेना. हिने तिला धरून उभे केले. ओसरीत वकीलबाई मला म्हणाल्या, "काका, नेहमीसारखं बोला म्हटलं होतं ना मी? तुमचं ते 'पद्धत' आणि 'नको' ऐकून मला घाम फुटला. आपला सगळा बचाव म्हणजे तुम्ही होतात. तुम्हाला न्यायाधीशांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं, एवढंच मला हवं होतं."

"हे तुम्ही मला आधी सांगायला हवे होते."

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याचा पूर्वपक्ष काढला असता."

यावर माझ्याजवळ उत्तर होते. पण लोक घरी निघाले होते.

आता हे सारे मिटले आहे. ज्या हवालदाराने उन्हात उभे राहून माझी चार पाने अखेरपर्यंत वाचली, त्याचे कल्याण असो. ज्या सरकारी वकिलांनी एक प्रश्न जास्त विचारला, त्यांना यश आणि आरोग्य लाभो. वकीलबाईंच्या माडीवर अडलेल्यांना सदैव आधार मिळो. पुतण्या आणि सूनबाई यांच्या घरी निर्धास्त झोप नांदो. आणि यापुढे ज्या कोणाला कुठल्याही खणात असे काही सापडेल, त्याची पावले वाटेत कोणाही जाणत्या वडीलधाऱ्याकडे न वळता सरळ चौकीपर्यंत सुखरूप पोचोत.